भट्टीचं तेल, गेटबाहेरचं पेट्रोल

आमच्या फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं पोलाद हॅमरने ठोकून भाग घडवायच्या, कारखान्यात तेल चार ठिकाणी जळतं. बिलेट (पोलादाचे ठोकळे) तापवायच्या भट्ट्यांमध्ये फर्नेस ऑईल, जनरेटरमध्ये डिझेल, फोर्कलिफ्टमध्ये डिझेल आणि कामगारांना आणणाऱ्या बसमध्ये डिझेल. एनर्जी ऑडिटच्या अहवालात या चार ठिकाणांचे तक्ते होते. पाचवं ठिकाण गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला होतं. तिथे कंत्राटी पोरांच्या मोटारसायकलींची रांग लागते. त्यातलं पेट्रोल कंपनीच्या कुठल्याच खात्यावर पडत नाही, म्हणून ते कुठल्याच तक्त्यात आलं नाही. भट्टीपासून सुरुवात करून आम्ही त्या रांगेपर्यंत कसे पोहोचलो आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ का गेला, ते लिहितो आहे.

मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत फर्नेसमन, म्हणजे भट्टी चालवणारा कामगार आहे. आमची अंतर्गत युनियन आहे आणि तिच्या कार्यकारिणीवर मी निवडून गेलेला आहे. या दोन गोष्टी एकत्र असल्यामुळेच मला हे सगळं जवळून पाहता आलं.

२०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये कच्चं तेल पिंपाला १२० डॉलरच्या वर गेलं. फर्नेस ऑईलचा टँकर महाग झाला तशी शॉपमध्ये पोस्टर लागली. 'ब्रेकमध्ये बर्नर बंद करा.' 'तेल वाचवा, देश वाचवा.' पाठोपाठ नोटीस निघाली, सकाळच्या मीटिंगमध्ये शपथही झाली. बर्नर मात्र चालूच राहिले, आणि त्याला सरळ कारण होतं. हॅमरवरच्या टोळीला इन्सेंटिव्ह मिळतो तो नगावर. जेवणाच्या सुट्टीत बर्नर बंद केला तर भट्टी खाली येते. सुट्टीनंतर ती पुन्हा बाराशे अंशांच्या आसपास चढेपर्यंत हॅमर नुसता उभा राहतो, आणि तेवढे नग गेले की महिन्याच्या हिशेबात टोळीतल्या प्रत्येकाचे पैसे जातात. म्हणजे देशाचं तेल वाचवायचं तर हेल्परच्या घरचा किराणा कमी करायचा, असा त्या पोस्टरचा अर्थ होत होता. पोस्टर लावणाऱ्या साहेबांच्या मनात तसं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला एकदाही विचारलं नाही की असंच होतं.

युनियनने पत्र दिलं. तेल वाचवायला आमची ना नाही, पण आम्हाला बरोबर घेऊन ठरवा. यात नवीन मागणी काहीच नव्हती. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कार्यसमितीची तरतूद केलेली होती, मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी, आणि कामगारांचे मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नाहीत असे. १९७६च्या घटनादुरुस्तीने तर ४३-अ हे कलम घालून व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं धोरणच ठरवलं. आमच्याकडे कार्यसमिती होती, पण तिच्यापुढे येणारे विषय म्हणजे कॅन्टीनची भाजी, संडासाची सफाई आणि दिवाळीची भेटवस्तू. तेल हा 'टेक्निकल' विषय समजला जायचा.

बऱ्याच बैठकांनंतर उपसमिती झाली. प्रत्येक शिफ्टचा एक फर्नेसमन, मेंटेनन्सचा फिटर, स्टोअरमधला एक, कॅन्टीनमधल्या एक मावशी, आणि दोन कंत्राटी हेल्पर. शेवटच्या दोन नावांवर एचआर अडलं. कंत्राटी माणूस कंपनीच्या समितीत कसा बसणार? मग 'निमंत्रित' असा शब्द काढला आणि ते बसले. पुढे जे काही झालं त्यातलं निम्मं त्या दोघांमुळे झालं.

पहिली मागणी मीटरची. तोवर तेलाचा हिशेब महिन्याचा होता, टँकर किती आले आणि माल किती टन गेला एवढाच. कोणती भट्टी किती खाते, कोणत्या शिफ्टला खाते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक भट्टीच्या लाइनवर फ्लो मीटर बसले आणि भट्टीशेजारी फळा आला. शिफ्ट संपताना फर्नेसमनने टनामागे लिटर लिहायचे. मीटरमुळे आपल्यावर नजर ठेवतील अशी धास्ती आमच्या लोकांनाही होती. म्हणून युनियनने आधीच लिहून घेतलं की या आकड्यांवरून कुणालाही मेमो मिळणार नाही. हे लिहून घेतलं नसतं तर फळ्यावर खरे आकडे आले नसते.

ऑडिटर मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक गणित मांडलं. एक टन पोलाद बाराशे अंशांपर्यंत तापवायला निव्वळ जी उष्णता लागते ती साधारण वीस-बावीस लिटर फर्नेस ऑईलमध्ये असते. आमच्या फळ्यावरचा आकडा त्याच्या पाचपटीहून जास्त होता. बाकीची उष्णता धुरांड्यातून, दारातून आणि भिंतींतून जाते. तेलाच्या भट्ट्या सगळीकडे अशाच असतात, त्यात आमचीच काही वेगळी नव्हती. पण इतकी वर्षं ज्या उकाड्यात घाम गाळला तो उकाडाच वाया जाणारं तेल आहे, हे असं आकड्यात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातले एक ज्येष्ठ फर्नेसमन एवढंच म्हणाले, "म्हणजे आम्ही भाजतो ते फुकटच की हो मॅडम."

मग मंडळी बोलायला लागली. दोन नंबरच्या भट्टीच्या दाराचं काउंटरवेट तुटलेलं होतं, दार वीतभर उघडं राहायचं. तापलेल्या भट्टीतून बाहेर फेकली जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे एवढी फट क्षुल्लक नसते. फिटरने सांगितलं की त्याने कधीच लिहून दिलं होतं, खरेदीत अडकलं. ते समितीच्या इतिवृत्तात आलं आणि दार दुरुस्त झालं. बर्नरच्या हवेचंही तसंच. आम्ही ज्योतीच्या रंगावरून हवा लावतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, हे सगळ्यांना दिसतं. हवा जास्त झाली तर काहीच दिसत नाही. धुरांडं स्वच्छ वाटतं, पण ती जादा हवा उष्णता घेऊन निघून जाते आणि बिलेटवर स्केलही (जळक्या पोलादाची पापडी) जास्त धरतं, म्हणजे पोलादही जळतं. मॅडमच्या मीटरवर धुरातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत आणि तेव्हाच डोळ्याने ज्योत बघत आम्ही हवा लावायला शिकलो. काही दिवसांनी तीन-चार टक्के ऑक्सिजनची ज्योत मीटरशिवाय ओळखता यायला लागली. हे कसब आज शॉपमध्ये आहे आणि ते कुठल्याही पोस्टरने आलेलं नाही.

हायड्रॉलिक प्रेसच्या पॉवर पॅकखाली तेल गळायचं. त्यावर रोज भुसा टाकायचा आणि संध्याकाळी भुसा उचलायचा, हे एका कंत्राटी हेल्परचं ठरलेलं काम होतं. समितीत त्याने विचारलं की भुसा टाकण्यापेक्षा बाटली ठेवू का? बाटली ठेवली. सेकंदाला एक थेंब पडत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर, आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. सील बदललं, थेंब बंद झाला. भुसा टाकणाऱ्याला तेल किती जातं ते रोज दिसत होतं. त्याला विचारणारं व्यासपीठच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न शेवटी सुट्टीच बदलून सुटला. टोळ्यांनी आळीपाळीने जेवायचं, म्हणजे भट्टी रिकामी जळत राहत नाही आणि थंडही होत नाही. याला विरोध झाला, कारण सगळ्यांनी एकत्र बसून डबा खाण्याचं सुख जातं. ते सुख मीही मोठं मानतो. म्हणून गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांची जेवणाची सुट्टी एकाच वेळी ठेवली. त्या दिवशी जेवणाच्या वेळी भट्ट्या 'लो फायर'वर, म्हणजे मंद आचेवर राहतात.

पैशांचं बोलणं लांबलं. कंपनीची तयारी होती उत्तम सूचनेला बक्षीस आणि फोटो देण्याची. आम्ही म्हणालो, फोटो नको. टनामागचे लिटर ठरलेल्या आकड्याच्या खाली गेले तर वाचलेल्या तेलाच्या किमतीतला हिस्सा इन्सेंटिव्हमध्ये द्या, टोळीत समान वाटून, कंत्राटी हेल्परला धरून. 'कंत्राटी हेल्परला धरून' यावर आमच्या लोकांतही कुरबुर झाली. पण भट्टीत बिलेट ढकलतो तो, दार ओढतो तो. त्याने दार वेळेवर ओढलं नाही तर माझी ज्योत कितीही नेमकी असून काय उपयोग? हिस्सा मान्य झाला, आम्ही मागितला त्यापेक्षा कमी, पण पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत. ती ओळ स्लिपवर आल्यापासून ब्रेकमध्ये उघडं राहिलेलं दार कुणीही बंद करतं, सांगावं लागत नाही.

इथवर सगळं तसं कंपनीच्या हिताचंच होतं, त्यामुळे ते झालं. खरी परीक्षा पुढे होती.

एका बैठकीत दुसरा कंत्राटी हेल्पर म्हणाला, "दादा, तुम्ही भट्टीचं लिटर अन् लिटर मोजताय. माझ्या गाडीचं पण मोजा की." तो आळंदीच्या पुढून, शेल पिंपळगावच्या बाजूने येतो. येऊन-जाऊन पंचेचाळीस किलोमीटर, गाडी जुनी, दिवसाला जवळपास लिटरभर पेट्रोल. महिन्याला पंचवीस लिटर धरले आणि शंभराच्या वरचा भाव लावला की अडीच हजार रुपये होतात. कंत्राटी पगारातून अडीच हजार जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि त्याच आळंदी-दिघी रस्त्याने, त्याच वेळेला, कंपनीची बस निम्म्याहून जास्त रिकामी येत होती. पर्मनंट कामगार निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी भरती झाली नाही, जे राहिले त्यांतले काही चिखली-मोशीला राहायला आले. बस तशीच राहिली. लिटरला चार किलोमीटर जाणारी बस पंधरा माणसं घेऊन आली काय आणि पंचेचाळीस घेऊन आली काय, डिझेल जवळपास तेवढंच पिते. तिच्या मागे-पुढे पोरांच्या मोटारसायकली.

त्या रात्री मी घरी बसून आकडे काढले, कारण हा विषय गेट मीटिंगला न्यायचा होता आणि नुसत्या कळवळ्यावर तो टिकला नसता. आपण वापरतो त्या कच्च्या तेलापैकी शंभरातले ८७-८८ भाग बाहेरून येतात. २०१३-१४मध्ये हेच प्रमाण ७७-७८ टक्के होतं. २०१५मध्ये केंद्र सरकारने २०२२पर्यंत आयातीवरचं अवलंबन दहा टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. ते खाली येण्याऐवजी वर गेलं, कारण मुंबई हायसारखी आपली क्षेत्रं जुनी होत गेली आणि मागणी वाढत राहिली. आणि दुचाकींचा आकडा: पेट्रोलियम मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१४मध्ये जाहीर झालेल्या देशभरच्या पाहणीत, विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाकींत जातं असं आढळलं होतं. मोठ्या गाड्यांकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. पण देशाचं पेट्रोल जास्त करून कामावर जाणारा माणूस जाळतो, आणि तो हौसेने जाळत नाही. त्याला बस नाही म्हणून जाळतो.

गेट मीटिंगमध्ये हे आकडे मी वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. मग मी म्हणालो, आळंदी मार्गाच्या बसमध्ये कंत्राटी कामगारांना बसू द्यावं. टाळ्या थांबल्या.

एक ज्येष्ठ काका उभे राहिले. त्यांना मी मानतो. त्यांनीच मला भट्टी शिकवली. ते म्हणाले, "ही बस आम्हाला कुणी दान दिलेली नाही. मागच्या करारांत भांडून घेतलेली आहे. आज कंत्राटी बसतील, उद्या कंपनी म्हणेल सगळेच बसतात तर सगळ्यांनाच भाडं लावू, परवा म्हणेल बसच बंद. मग तू येशील का आम्हाला न्यायला?" त्यांची भीती खोटी नव्हती. सवलत एकदा पातळ झाली की निघूनही जाते, हे त्यांनी कॅन्टीनच्या बाबतीत पाहिलेलं होतं. त्या दिवशी ठराव झाला नाही, आणि मी आग्रहही धरला नाही. रेटून केलेला ठराव बसमध्ये रोज भांडणं घेऊन आला असता.

व्यवस्थापनाची अडचण वेगळीच निघाली. त्यांच्या कायदेशीर सल्लागारांचं म्हणणं होतं की कंत्राटी कामगाराला कंपनीची बस दिली, तर उद्या तो कोर्टात म्हणेल की मी कंपनीचाच कामगार, कंत्राट नावापुरतं, बघा बससुद्धा कंपनीचीच. ठेकेदार म्हणाला, माझ्या दरात वाहतूक नाही. म्हणजे देशाचं तेल, पोराचे अडीच हजार आणि रिकाम्या सीट हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तिघांचे तीन कागद. तेलाचा प्रश्न किती वेळा तेलाचा नसतोच, तो माणसांमधल्या कागदांचा असतो, हे मला या काळात कळलं.

तोडगा काढायला महिने गेले. युनियन, कंपनी आणि ठेकेदार यांच्यात पत्र झालं. पर्मनंट कामगारांच्या बसचं करारातलं कलम शब्दही न बदलता कायम. कंत्राटी कामगारांना पास ठेकेदाराच्या नावाने, खर्चातला वाटा ठेकेदाराचा आणि बाकीचा कंपनीचा. पोरांच्या पगारातून एक रुपयाही कापायचा नाही, ही युनियनची अट. या सोयीचा अर्थ कुणाच्या कायदेशीर हक्काच्या बाजूने किंवा विरोधात लावायचा नाही, ही वकिलांची ओळ. आणि आधी फक्त आळंदी मार्ग. पुढच्या गेट मीटिंगमध्ये काका पुन्हा उठले, पत्रातलं कलम मोठ्याने वाचायला लावलं, आणि म्हणाले, "लिहिलंय ना? मग बसू दे."

बस सुरू झाली. पोरं आठवडाभर आली आणि पुन्हा मोटारसायकलवर यायला लागली.

सुपरवायझर लगेच म्हणाले, बघा, यांना सवय नाही. समितीतल्या हेल्परने कारण सांगितलं. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. तीन वाजता सुपरवायझर येतो आणि म्हणतो, अरे आज थांब, सेकंडला माणूस कमी आहे. नाही म्हणायची पोराची ताकद नसते. मग बस जाते आणि रात्री बाराला घरी जायला काही नसतं. म्हणून तो गाडी आणतो. एखाद्या दिवशी थांबावं लागेल म्हणून तो रोज गाडी आणतो. त्या रोजच्या लिटरभर पेट्रोलचं मूळ तीन वाजताच्या त्या एका वाक्यात होतं.

मग मागणी बदलली. कुणाला थांबवायचं ते दुपारी बाराच्या आत सांगायचं, आणि थांबणाऱ्याला रात्रीच्या बसमध्ये जागा ठेवायची. यावर सुपरवायझरांशी जितका वाद झाला तितका भट्टीच्या हिश्श्यावरही झाला नव्हता, कारण त्यांच्यावर वरून उत्पादनाचा दबाव असतो आणि गैरहजेरी बारापर्यंत कळत नाही. शेवटी हजेरीच बदलली. सेकंड शिफ्टवाल्याने येणार नसेल तर सकाळी अकरापर्यंत कळवायचं. हे बऱ्यापैकी पाळलं जातं, सगळं नाही. पण आळंदी मार्गाची बस भरलेली येते आणि गेटबाहेरची रांग डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली आहे. नंतर चाकण-मोशी मार्गालाही तेच केलं.

स्वारगेट, शिवाजीनगर, दापोडीकडच्या लोकांसाठी मेट्रो आहे. पिंपरी-चिंचवडपासून निघालेली ही मार्गिका २०२२मध्ये फुगेवाडीपर्यंत, २०२३मध्ये सिव्हिल कोर्टपर्यंत आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये स्वारगेटपर्यंत सुरू झाली. आम्हाला जवळचं स्टेशन नाशिक फाटा. तिथून एमआयडीसीतला शेवटचा तुकडा हाच अडसर होता. जनरल शिफ्टसाठी कंपनीची एक बस आता फाट्यावरून फेऱ्या मारते, आणि शहरातून येणारी लांब पल्ल्याची बस बंद करता आली. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, त्यामुळे त्यांना हा उपाय लागू नाही.

ऑडिटर मॅडमनी एकदा स्वीडनची गोष्ट सांगितली होती. २००५च्या शेवटी तिथल्या पंतप्रधानांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली तेलमुक्तीसाठी आयोग नेमला, त्यात उद्योगातले आणि संशोधनातले लोक घेतले. २००६च्या जूनमध्ये अहवाल आला: २०२०पर्यंत रस्ते वाहतुकीतलं पेट्रोल-डिझेल चाळीस ते पन्नास टक्क्यांनी कमी करायचं, घरं तापवायला तेल वापरायचंच नाही, उद्योगातलं तेल पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी उतरवायचं. त्याच सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि ते पंतप्रधान पायउतार झाले. असा आयोग आपल्याकडेही व्हावा असं मला वाटतं. पण त्यात एखादा फर्नेसमन, एखादा एसटीचा ड्रायव्हर आणि टेम्पोवाला असावा. ओव्हरटाइम तीन वाजता सांगितल्यामुळे पेट्रोल जळतं, हे दुसऱ्या कुणाला सुचणार आहे?

कारखान्याच्या बाहेरचं थोडं सांगतो. समितीने कुटुंबांसाठी एका गुरुवारी कार्यक्रम ठेवला. गॅस वाचवण्याच्या सूचना तयार होत्या: डाळ भिजवून कुकर लावा, झाकण ठेवा, लहान शेगडी वापरा. आपला स्वयंपाकाचा गॅस निम्म्याहून जास्त आयात होतो, त्यामुळे विषय योग्यच होता. पण माझ्या पत्नीसकट सगळ्या बायका म्हणाल्या, हे आम्हाला आमच्या आयांनी शिकवलंय, सिलिंडर किती दिवस पुरवायचा ते आम्हालाच ठाऊक. तुम्ही टँकरचं बघा. पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं, आणि चिखली-मोशीच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकरची रीघ लागते. प्रत्येक टँकर डिझेल जाळत पाणी आणतो, आणि मेंटेनन्सचे पैसे त्यातच जातात. आमच्या सोसायटीत बायकांनी पुढाकार घेऊन प्रत्येक इमारतीच्या लाइनला पाण्याचं मीटर बसवून घेतलं, अगदी भट्टीच्या फळ्यासारखा आकडा लिफ्टशेजारी लागतो. एका टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह रात्रभर वाहत होता, तो सापडला. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरकडे वळवलं. टँकर बंद झालेले नाहीत, कमी झालेत. कॅन्टीनच्या मावशींनी उरलेल्या भाताचा प्रश्न काढला, तेव्हा पुण्यातल्याच 'आरती' संस्थेचं खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र आम्ही पाहून आलो. त्या संयंत्रासाठी संस्थेला २००६मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळालेला आहे. कॅन्टीनमागे जागा ठरली आहे, मंजुरी व्हायची आहे.

आता जे समोर आहे ते सगळ्यात अवघड आहे. कंपनी तेलाच्या भट्ट्या काढून इंडक्शन हीटर आणायचा विचार करते आहे. बिलेट विजेच्या कॉइलमधून जातं, लागेल तेवढंच तापतं, धूर नाही, स्केल कमी, उकाडा नाही. फर्नेस ऑईलचा टँकर बंदच होईल. वीज बहुतेक कोळशाचीच, त्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न पुरता मिटत नाही, पण आयात तेल थांबतं. एवढी वर्षं थेंब-थेंब वाचवून जे झालं नाही ते एका यंत्राने होईल. आणि त्या यंत्राला फर्नेसमन लागत नाही.

कार्यकारिणीत यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. काहींचं म्हणणं होतं की यंत्राला विरोधच करावा. मी भट्टीवरचा माणूस आहे, तरी मी विरोधाच्या बाजूने बोललो नाही. पन्नाशीनंतर भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे आणि पाठ मी पाहिली आहे, आणि देशाच्या तेलाबद्दल गेट मीटिंगला बोललेलं मला मनापासून वाटतं. पण तेल वाचल्याचा फायदा कंपनीला आणि देशाला, आणि त्याची किंमत फक्त फर्नेसमनने मोजायची, हे मला मान्य नाही. ज्योत ओळखणारा माणूस इंडक्शनच्या पॅनेलवरचा आलेखही ओळखू शकतो. त्याला शिकवायला हवं, आणि यंत्र येण्याआधी शिकवायला हवं. आमच्यातल्या दोन तरुण फर्नेसमननी स्वतःहून आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गाची चौकशी केली आहे.

नव्या कराराचं मागणीपत्र युनियनने दिलं आहे. पगारवाढ, मेडिक्लेम आणि भरतीच्या मागण्यांनंतर इंधनाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात तीन कलमं आहेत. इंडक्शन हीटरची ऑर्डर देण्याआधी भट्टीवरच्या प्रत्येक कामगाराचं, कंत्राटी हेल्परसह, प्रशिक्षण आणि पुढची जागा लेखी ठरवावी. वाचलेल्या इंधनाचा हिस्सा भट्ट्या बंद झाल्यावरही पाच वर्षं चालू राहावा. आणि ओव्हरटाइम दुपारी बाराच्या आत सांगण्याचा नियम, जो आज फक्त समितीच्या इतिवृत्तात आहे, तो करारात यावा. तिसऱ्या कलमाचा आग्रह काकांनी धरला.